देनारियस नाणें आणि डायोक्लेशियन बादशहा

द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टांत आमच्या वाचकांस चांगला ठाऊक आहे. धनी पहांटेस बाहेर पडतो, चवाट्यावर उभ्या असलेल्या मजुरांशीं बोलणें करितो, आणि दिवसभराच्या कामाबद्दल एक नाणें देण्याचें ठरवून त्यांस मळ्यांत धाडतो. त्या नाण्याचें लॅटिन नांव देनारियस. आपल्या भाषेंत शास्त्र आणणाऱ्या विद्वानांनीं त्या ठिकाणीं येथल्या लोकांच्या ओळखीच्या नाण्याचें नांव घातलें, आणि तें योग्यच झालें. पण त्यामुळें मूळ नाणें कसें होतें हें आपल्या मंडळ्यांतून फारसें कोणास ठाऊक नसतें. घायाळ वाटसरूसाठीं शोमरोन्यानें उतारशाळेच्या रक्षकाजवळ दिलेलीं दोन नाणीं हींच. कैसराला कर द्यावा कीं देऊं नये असा पेंच घालणाऱ्यांपासून प्रभूनें मागून घेतलें तें नाणेंहि हेंच. तें चांगल्या रुप्याचें असून वजनानें सुमारें तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकें भरे, आणि त्यावर बादशहाचें मस्तक उठविलेलें असे.

या नाण्याच्या अखेरच्या काळांत एक बादशहा होऊन गेला. शेतमजुराच्या एका दिवसाची मजुरी किती असावी हें त्यानें साऱ्या पातशाहीसाठीं हुकुमानें ठरविलें. आणि पुढें दोन वर्षांचे आंत ख्रिस्ती मंडळी मोडून टाकण्याचा हुकूमहि त्यानेंच काढिला. त्याचें नांव डायोक्लेशियन. मंडळीच्या इतिहासांत हें नांव छळाच्या गोष्टीपुरतें येतें आणि जातें. आम्ही त्याचें चरित्र नाण्यापासून आरंभून सांगणार आहों. कारण हे दोन्ही हुकूम एकाच स्वभावांतून निघाले, असें आम्हांस वाटतें.

देनारियस हें नाणें ख्रिस्तापूर्वीं २११ च्या सुमारास, रोमी लोकांचें कार्थेजच्या हानिबालाशीं युद्ध चालू असतां, प्रथम पाडण्यांत आलें. कांशाच्या दहा नाण्यांइतकी त्याची किंमत होती, म्हणून दहा या अर्थाच्या शब्दावरून त्यास हें नांव पडलें. पुढें त्याची पत अशी वाढली कीं दूरदेशचे व्यापारीहि तें खुशीनें घेत. पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या माहितींत भडोच बंदराविषयीं असें सांगितलें आहे कीं, रोमी सोन्यारुप्याचें नाणें तेथें नेलें असतां तेथल्या चलनाशीं बदलून नफा होतो. त्याच भडोचला आमच्या पैठणाहून व तेरेहून गाड्यांवर माल जात असे. संस्कृतांतील दीनार हा शब्द या देनारियसवरूनच आलेला आहे.

ही पत एका दिवसांत गेली नाहीं. ६४ सालीं नीरो बादशहानें नाण्याचें वजन कमी केलें व रुप्यांत तांबें अधिक मिसळलें. त्याच्या मागून आलेल्यांनीं तीच वाट धरिली. सैन्याचा पगार वाढवावयाचा आणि खजिन्यांत रुपें नाहीं, तेव्हां तेवढ्याच रुप्यांत जास्त नाणीं पाडावयाचीं, ही युक्ति प्रत्येकास सोपी वाटली. दुसरें शतक संपतां संपतां देनारियसांत निम्में तांबें झालें. तिसऱ्या शतकांत त्याच्या जागीं दुसरें नाणें आलें, आणि २७० च्या सुमारास त्या नव्या नाण्यांत शेंकडा पांच भागहि रुपें उरलें नव्हतें. तांब्यावर रुप्याचें पाणी दिलेलें असे, आणि चार हातांतून फिरतां तें पाणी उडून जाई. देनारियस हें नांव हिशेबापुरतें राहिलें. ज्यांच्यापाशीं जुनें चांगलें नाणें होतें त्यांनीं तें गाडग्यांत घालून जमिनींत पुरलें. असे ठेवे युरोपांतील शेतांत अजूनहि सांपडतात. बाजारांत फिरावयास मुलाम्याचें नाणें तेवढें राहिलें, आणि धान्याचे भाव चढूं लागले.

अशा काळांत, सुमारें २४४ सालीं, आद्रियातिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील दाल्मातिया प्रांतांत एका हलक्या कुळांत एक मुलगा जन्मास आला. हा तोच प्रांत कीं जेथें तीत गेल्याचा उल्लेख पौलानें तीमथ्याला धाडलेल्या दुसऱ्या पत्रांत आहे. मुलाचें नांव डायोक्लीस. बाप लेखनिक होता असें कोणी म्हणतात, तर तो स्वतःच एका मोठ्या सरदाराचा मुक्त केलेला दास होता असें दुसरे म्हणतात. त्यास फारशी विद्या मिळाली नाहीं. तो सैन्यांत शिरला, आणि शिपाईगिरींत एक एक पायरी चढत बादशहाच्या खास रक्षकांचा नायक झाला.

त्या दिवसांत ही जागा मोठी धोक्याची होती. २३५ पासून पन्नास वर्षांत विसाहून अधिक माणसें रोमच्या गादीवर बसलीं, आणि त्यांतील फार थोडीं अंथरुणावर मेलीं. २८४ सालीं इराणच्या स्वारीहून परत येतांना न्यूमेरियन बादशहा आपल्या बंद पालखींत मेलेला आढळला. सैन्यानें २० नोव्हेंबर रोजीं निकोमीडिया शहराजवळ, म्हणजे आज तुर्कस्तानांत जें इझ्मित आहे त्याजवळ, डायोक्लीसास बादशहा म्हणून पुकारिलें. त्यानें सर्वांसमक्ष सूर्याची शपथ घेऊन आपण या खुनांत नाहीं असें सांगितलें, आणि मृताचा सासरा एपर यास खुनी ठरवून तेथल्या तेथें आपल्या हातानें तरवारीनें ठार केलें. चौकशी झाली नाहीं. पुढील वर्षीं न्यूमेरियनाचा भाऊ कॅरायनस लढाईंत आपल्याच लोकांकडून मारला गेला, आणि डायोक्लीसाचा डायोक्लेशियन होऊन तो सर्व पातशाहीचा धनी झाला.

त्याच्या कर्तृत्वास नांवें ठेवितां येत नाहींत. एका माणसाच्यानें एवढा मुलूख संभाळवत नाहीं हें त्यानें ओळखिलें आणि २८६ सालीं मॅक्सिमियन नांवाच्या आपल्या जुन्या सोबत्यास बरोबरीचा बादशहा केलें. २९३ सालीं दोघांच्या हाताखालीं कॉन्स्टान्शियस व गॅलेरियस असे दोन युवराज नेमिले. चौघांनीं चार दिशांच्या सरहद्दी धरिल्या. इराणच्या राजाचा पराभव झाला, मिसरांतील बंड मोडलें, प्रांत लहान करून त्यांची संख्या सुमारें दुप्पट केली. वीस वर्षें एकच माणूस गादीवर राहिला, ही गोष्टच लोकांस नवीन होती.

पण सैन्य वाढलें, कारभारी वाढले, आणि त्या सर्वांस पोसावयाचें कोणी? शेतकऱ्यानें. जमीन मोजण्यांत आली, माणसांची गणती झाली, आणि दोहोंवर मिळून कर बसविण्यांत आला. त्यांतील एक गोष्ट आमच्या शेतकरी वाचकांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. सरकार कर नाण्यांत घेण्यापेक्षां गहूं, तेल, मांस, कापड अशा जिनसांच्या रूपानें घेऊं लागलें. आपण पाडलेलें नाणें सरकारास स्वतःलाच नको होतें! शेतकऱ्यानें मात्र बाजारांत तें विश्वासानें घ्यावें अशी अपेक्षा होती.

नाणें सुधारण्याचा प्रयत्न त्यानें केला नाहीं असें नाहीं. २९४ च्या सुमारास त्यानें शुद्ध रुप्याचें एक नवें नाणें पाडिलें, आणि तें नीरोच्या नाण्याच्या वजनाचें होतें. परंतु तें फार थोडें निघालें. त्याच्या बरोबर तांब्याचीं, वर थोडेंसें रुपें दिलेलीं मोठीं नाणीं मात्र टांकसाळींतून अतोनात बाहेर पडलीं. मग ३०१ सालच्या सप्टेंबर महिन्यापासून कांहीं नाण्यांची किंमत दुप्पट समजावी असा हुकूम झाला. धातु तीच, वजन तेंच, शिक्का तोच. केवळ हुकुमानें एकाचे दोन झाले. दुकानदारांनीं यावर काय केलें असेल हें सांगावयास नकोच.

तेव्हां त्याच वर्षाच्या अखेरीस बादशहानें आपला प्रसिद्ध दरांचा जाहीरनामा काढिला. त्याच्या आरंभीं व्यापाऱ्यांच्या लोभाचें लांबलचक वर्णन आहे. हे लोक इतके अधाशी झाले आहेत कीं शिपायाचा पगार व बक्षीस एकाच खरेदींत संपून जातें, असा त्याचा भावार्थ. लोभी व्यापारी तेव्हांहि होते यांत शंका नाहीं. पण टांकसाळीचा त्यांत शब्दानेंहि उल्लेख नाहीं. आपल्याच घरांतला दोष बादशहास दिसला नाहीं, कीं दिसूनहि तो बोलला नाहीं, कोण जाणे. हुकूम असा कीं, जाहीरनाम्यांत दिलेल्या दरापेक्षां कोणीं अधिक घेऊं नये. अधिक घेणारा, जाणूनबुजून अधिक देणारा, आणि माल दडवून ठेवणारा, तिघांसहि एकच शिक्षा, मरण.

हा जाहीरनामा दगडांवर खोदून शहरोशहरीं लाविला होता. त्याचे तुकडे पूर्वेकडील चाळीसांहून अधिक ठिकाणीं सांपडले आहेत, व ते जुळवून विद्वानांनीं हजाराहून अधिक जिनसांचे दर वाचले आहेत. इतिहासांत राजांच्या लढाया पुष्कळ सांपडतात. गरिबाच्या ताटांत काय पडत होतें हें क्वचितच सांपडतें. म्हणून त्यांतील कांहीं दर येथें देतों. शेतमजुरास जेवणाशिवाय रोजचे २५ देनारियस. धनगरास २०. मोऱ्या साफ करणाऱ्यास २५. सुतार, गवंडी व भटारी यांस ५०. न्हाव्यास माणशीं २. लहान मुलांस अक्षरें शिकविणाऱ्या पंतोजीस दर मुलामागें महिन्यास ५०. मात्र वकिलानें एक खटला चालविला तर १,०००. आतां जिनसा पाहूं. गव्हाचें एक लष्करी माप १०० देनारियस, जवाचें ६०, आणि मिठाचेंहि १००. डुकराचें मांस रोमी पौंडास १२, बैलाचें ८. चार अंडीं चार देनारियसांस. शेतकऱ्याच्या जाड जोड्यास १२०.

वाचकांनीं स्वतः हिशेब करून पाहावा. मजुरानें एक माप गहूं घरीं न्यावयाचे तर चार दिवस राबावें, आणि पायांत जोडा घालावयाचा तर जवळ जवळ पांच दिवस. जांभळ्या रंगाचें रेशीम त्याच जाहीरनाम्यांत पौंडास दीड लक्ष देनारियस लिहिलें आहे. म्हणजे एक पौंड रेशमास मजुराचे ६,००० दिवस, सोळा वर्षांहून अधिक! द्राक्षमळ्यांतील मजुरास एक देनारियस मिळे आणि यास पंचवीस, म्हणून हा अधिक सुखी होता असें कोणी समजूं नये. त्याच जाहीरनाम्यांत एक पौंड रुप्याची किंमत ६,००० देनारियस दिली आहे. त्या भावानें पंचवीस देनारियस म्हणजे दीड मासा रुपेंहि होत नाहीं. आणि प्रभूच्या काळच्या एका नाण्यांत चार माशांच्या सुमारास रुपें होतें.

हुकुमाचें फळ काय झालें हें लॅक्टान्शियस यानें लिहून ठेविलें आहे. हा ख्रिस्ती विद्वान् निकोमीडियांत बादशहाच्याच नेमणुकीनें लॅटिन वक्तृत्वाचा शिक्षक होता, व छळ सुरू झाल्यावर त्याची जागा गेली. तो बादशहाचा वैरी होता हें लक्षांत ठेवूनच त्याचें वाचावें. पण या बाबतींत त्याचें म्हणणें अगदीं साधें आहे. क्षुल्लक वस्तूंवरून रक्त सांडलें, भीतीनें माल बाजारांतून नाहींसा झाला, महागाई पूर्वीपेक्षां वाढली, आणि शेवटीं गरज अशी आली कीं कायदा आपोआप बाजूस पडला.

आतां दुसरा हुकूम. डायोक्लेशियन गादीवर बसल्यापासून बरींच वर्षें ख्रिस्ती लोकांच्या वाटेस गेला नव्हता. निकोमीडियांत त्याच्या राजवाड्यावरून दिसेल अशा उंच जागीं मंडळीचें मंदिर उभें होतें. वाड्यांतील कित्येक चाकर ख्रिस्ती होते, आणि त्याची राणी प्रिस्का व एकुलती मुलगी वालेरिया यांचेंहि मन या मार्गाकडे वळलेलें होतें असें दिसतें. परंतु जुनें तें सर्व जसेंच्या तसें बसवावें, प्रत्येक माणसानें नेमलेल्या जागीं राहावें, आणि देवांविषयीं वाडवडिलांहून वेगळें कोणीं मानूं नये, ही त्याची दृढ समजूत होती. ३०२ सालीं त्यानें इराणांतून आलेल्या मानी पंथाच्या पुढाऱ्यांस त्यांच्या ग्रंथांसह जाळावें असा हुकूम दिला. त्याच्या थोडें पूर्वीं, यज्ञाच्या पशूचें काळीज पाहून शकुन सांगणाऱ्यांस शकुन मिळेनात, तेव्हां दरबारांतील ख्रिस्ती चाकर कपाळावर क्रूसाची खूण करितात म्हणून असें होतें, अशी तक्रार त्यांनीं केली होती. युवराज गॅलेरियस तर ख्रिस्ती लोकांचा कट्टा द्वेष्टा. म्हाताऱ्या बादशहानें पुष्कळ दिवस रक्तपातास नकार दिला. अखेर देवाचा कौल घेण्यास मिलेतजवळच्या अपोलोच्या देवळाकडे माणूस धाडला, आणि कौल विरुद्ध आला.

३०३ सालच्या फेब्रुवारीच्या २३ व्या दिवशीं सूर्योदयास शिपाई निकोमीडियाच्या मंदिरांत शिरले, सांपडलेलीं शास्त्राचीं पुस्तकें त्यांनीं जाळलीं, आणि कांहीं तासांत इमारत जमीनदोस्त केली. दुसऱ्या दिवशीं हुकूम लागला. मंदिरें पाडावीं, शास्त्राचीं पुस्तकें जाळावीं, ख्रिस्ती माणसाचा हुद्दा व न्यायाचा हक्क काढून घ्यावा. एका ख्रिस्ती गृहस्थानें तो कागद भर रस्त्यांत फाडिला. त्यास जिवंत जाळण्यांत आलें. पुढें थोड्याच दिवसांत राजवाड्यास दोनदां आग लागली, आणि तीं ख्रिस्ती लोकांनीं लाविली असें ठरविण्यांत आलें. राणी व राजकन्या यांस पहिल्यानें मूर्तीपुढें धूप जाळावा लागला. मंडळीचा अध्यक्ष अँथिमस याचा शिरच्छेद झाला. मागून पाळकांस व उपदेशकांस तुरुंगांत घालण्याचा हुकूम निघाला, आणि ३०४ सालीं सर्व प्रजेनें यज्ञ करावा असा.

पुस्तकें कशीं गोळा केलीं याची एक सरकारी टिपणी उत्तर आफ्रिकेंतील सिर्टा गांवची शिल्लक आहे. १९ मे ३०३ रोजीं तेथल्या अधिकाऱ्यानें मंडळीच्या घराची झडती घेतली व सांपडलेल्या वस्तूंची यादी केली. सोन्याचे दोन प्याले, रुप्याचे सहा, रुप्याचे दिवे. आणि मग बायकांचे ८२ अंगरखे, पुरुषांचे १६, बायकांचे ४७ जोडे, पुरुषांचे १३. हे कपडे व जोडे गोरगरिबांस, विशेषतः विधवांस, द्यावयाचे असावेत. शेतकऱ्याच्या एका जोड्यास किती दिवसांची मजुरी लागे हें आपण वर पाहिलेंच. तेव्हां त्या लहान मंडळीनें एवढे जोडे कसे जमविले असतील याचा विचार मनांत येतो. पुस्तकें मात्र त्या घरांत एकच सांपडलें. बाकीचीं वाचकांच्या घरीं होतीं. अधिकारी घरोघर फिरला, आणि कोणीं पांच, कोणीं आठ अशीं तीं काढून दिलीं. सर्वच धैर्याचे नव्हते, हें येथें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पुस्तकें देणाऱ्यांचें पुढें काय करावें या वादांत आफ्रिकेची मंडळी दुभंगली, ती शंभर वर्षांनींहि सांधली नाहीं.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत डायोक्लेशियनानें रोम शहरीं आपल्या राज्याचा विसावा वर्षदिन साजरा केला. परततांना थंडीपावसांत तो आजारी पडला. ३०४ च्या डिसेंबरांत तो मेला अशीच वार्ता उठली. १ मार्च ३०५ रोजीं तो लोकांपुढें आला तेव्हां त्यास ओळखणें कठीण गेलें. आणि १ मे रोजीं, निकोमीडियाच्या बाहेर, ज्या माळावर त्यानें गॅलेरियसास पद दिलें होतें तेथेंच, सैन्यासमोर त्यानें आपला जांभळा झगा उतरून ठेविला. रोमच्या गादीवरून कोणी बादशहा असा आपण होऊन उतरला नव्हता. तो गाडींत बसून आपल्या देशीं गेला.

जन्मगांवाजवळ समुद्रकांठीं त्यानें मोठा तटबंदीचा वाडा बांधून ठेविला होता. तेथें तो भाजीपाला लावूं लागला. ३०८ सालीं राज्यांत भांडणें माजलीं तेव्हां जुन्या सोबत्यानें पुनः गादी घेण्याची गळ घातली. त्यावर त्यानें आपल्या हातानें लाविलेल्या कोबीकडे बोट दाखवून नकार दिला, अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट ऐकून पुष्कळांस तो सुखी वाटतो. पण त्याची मुलगी वालेरिया ही गॅलेरियसास दिलेली होती. तो ३११ सालीं मेला. मरणापूर्वीं त्यानेंच छळ बंद करून ख्रिस्ती लोकांनीं आपल्या देवापाशीं आपल्यासाठीं प्रार्थना करावी असें जाहीर केलें होतें. विधवा वालेरियेस नव्या बादशहानें लग्नाची मागणी घातली. तिनें नाकारल्यावर तिची मालमत्ता काढून घेऊन तिला आईसह सीरियाच्या रानांत हद्दपार केलें. म्हाताऱ्या बापानें मुलीस आपणाकडे पाठवावें म्हणून पुनः पुनः विनंत्या केल्या. साऱ्या जगाचे दर ज्यानें ठरविले त्याच्या शब्दास आतां कोणी विचारीना. तो त्याच वाड्यांत मेला. पुढें दोघी मायलेकी वेष पालटून कांहीं महिने भटकल्या, आणि सुमारें ३१५ सालीं थेस्सलनीकांत ओळखल्या जाऊन मारल्या गेल्या. त्यांचीं प्रेतें समुद्रांत टाकिलीं.

देनारियसाचें पुढें काय झालें? कॉन्स्टंटाईन बादशहानें सोन्याचें नवें नाणें काढिलें, आणि तें सातशें वर्षें खरें राहिलें. देनारियस हिशेबांत घसरत घसरत शेवटीं लाखांनीं मोजण्याची पाळी आली. नांव तेवढें जगलें. इंग्रजी हिशेबांत पेनीसाठीं जें एक अक्षर लिहीत तें याच नाण्याचें आद्याक्षर होतें, आणि १९७१ सालीं इंग्लंडानें दशमान नाणीं घेतलीं तेव्हां तें गेलें. इराक, जॉर्डन, कुवेत या देशांत दिनार अद्याप चालतो.

मिसर देशांतील जुनी मंडळी आपलीं वर्षें डायोक्लेशियन गादीवर बसला त्या २८४ सालापासून मोजते, आणि त्या कालगणनेस साक्षींनीं रक्त दिलेल्यांचा शक असें म्हणते. त्याच्या समुद्रकांठच्या वाड्यांत सातव्या शतकांत सालोना शहरचे निराश्रित येऊन राहिले. त्यांच्या वस्तीचें क्रोएशियांतील स्प्लिट हें शहर झालें, व वाड्याच्या भिंतींच्या आंत लोक अजून राहतात. वाड्याच्या मध्यभागीं बादशहानें आपल्यासाठीं अष्टकोनी समाधि बांधविली होती. त्याची शवपेटी आज तेथें नाहीं. त्या इमारतीचें मंदिर झालें असून तें सालोनाचा अध्यक्ष डोम्नियस याच्या नांवानें ओळखिलें जातें. हा डोम्नियस ३०४ सालीं डायोक्लेशियनाच्या हुकुमानें झालेल्या छळांत मारला गेला होता.